इस्पितळाच्या दारापर्यंत

सरकारी आकड्यांवर विसंबून समाधान मानण्याची आपल्याला जुनी खोड आहे. बाळंतपणाच्या बाबतीत मात्र ते समाधान सर्वस्वी अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. जननी सुरक्षा योजना २००५ साली सुरू झाली तेव्हा देशातील शेकडा ३९ च्या आसपास बाळंतपणे दवाखान्यांत होत असत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ८८ च्या पुढे गेले. पिढ्यान्‌पिढ्या घरच्या काळोख्या खोलीत होणारे बाळंतपण पंधरा वर्षांत सरकारी दवाखान्यात येऊन पोहोचले, ही गोष्ट लहान नव्हे. आशाताईंच्या पायपिटीला त्याचे मोठे श्रेय आहे.

परंतु पटावर किती मुले आहेत हे पाहून शाळेची परीक्षा होत नसते. दारापर्यंत आलेल्या या बाईला आत काय मिळते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर उत्तर प्रदेशातून मिळाले आहे. ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातून अमेरिकेस गेले, ते शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील १२० सरकारी केंद्रांत एक मोठा प्रयोग केला. हात धुणे, रक्तदाब पाहणे, बाळ जन्मताच आईला रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन देणे, अशा साध्या पण प्राणरक्षक कृतींची एक यादी निम्म्या केंद्रांना देण्यात आली, आणि अनुभवी परिचारिका ८ महिने तेथे जाऊन मार्गदर्शन करीत राहिल्या. दीड लाखांहून अधिक बाळंतपणांची नोंद झाली. आवश्यक कृती पार पडण्याचे प्रमाण इतरत्र शेकडा ४२ असताना या केंद्रांत ते ७३ झाले; मार्गदर्शन थांबल्यावर ते पुन्हा ६२ पर्यंत उतरले. आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की बालमृत्यूंत वा मातांच्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

यावरून कोणी 'हे सारे व्यर्थ आहे' असे म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. यादीमुळे हात धुतले जातील. रक्ताची बाटली, भूलतज्ज्ञ आणि मध्यरात्री सिझेरियन करू शकणारा सर्जन मात्र यादीतून निर्माण होत नाही. बाळंतिणीची प्रकृती बिघडली आहे हे परिचारिकेने अचूक ओळखले, तरी पुढे तिला पाठवावयाचे कोठे?

गडचिरोलीचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवितो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकविली. तेथील नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे आले. इमारत नव्हती, डॉक्टरही दाराशी नव्हता. पण आजार ओळखणाऱ्या हातातच औषध होते, कामावर देखरेख होती, आणि प्रत्येक बाळाचा जन्म नि मृत्यू मोजला जात होता. साखळीची एकही कडी मध्येच सुटत नव्हती.

'लॅन्सेट'च्या आयोगाने २०१८ साली असा हिशेब मांडला, की गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दवाखान्यात पोहोचूनही निकृष्ट उपचारांमुळे दरसाल सुमारे ५० लाख माणसे दगावतात. उपचारच न मिळाल्याने मरणाऱ्यांहून ही संख्या अधिक आहे. महाराष्ट्राने या बाबतीत इतर प्रांतांकडे बोट दाखवू नये. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली, ती दवाखान्यात सुरक्षित आहेत असे मानूनच आयांनी तेथे ठेवली होती.

आमचा वाचकवर्ग बहुधा खाजगी प्रसूतिगृहाचा रस्ता धरतो, म्हणून सरकारी कक्षातले काही त्याच्या कानी येत नाही, आणि जे कानी येत नाही त्याविषयी विधानसभेत प्रश्नही विचारला जात नाही. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांनी खाटा किती वाढल्या हे अवश्य सांगावे. परंतु ज्या बाईस तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज होती तिला ती किती तासांत मिळाली, आणि दगावलेल्या प्रत्येक नवजात बाळाची चौकशी होऊन तीत काय निष्पन्न झाले, हेही जिल्हावार सभागृहापुढे ठेवावे.