परदेशी मोटारींची चौकशी आणि आपला ऊस



मागच्या गटसभेत खोडव्यातील पाचट ठेवण्याविषयी बोलणे चालले असता एका सभासदाने मध्येच विचारले, "साहेब, चीनच्या मोटारींवर युरोपवाल्यांनी जादा कर बसवला म्हणतात. स्वस्तात माल मिळतोय तर नको का म्हणायचं?" सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोटारींच्या बाबतीत जो वाद झाला, तसाच वाद आपल्या साखरेवरही झालेला आहे. म्हणून या खेपेस लागवड-खताचा विषय बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. समजा, एक गुऱ्हाळवाला आपल्या गावात गूळ ४० रुपये किलोने विकतो आणि तोच गूळ परमुलखात ३० रुपयांना देतो. वाहतूक, हमाली वगैरे वजा करूनही हा फरक राहिला, तर त्याला व्यापाराच्या भाषेत 'डंपिंग' म्हणतात. आता दुसरा गुऱ्हाळवाला बघा. त्याला सरकारने जागा नाममात्र भाड्याने दिली, कर्ज कमी व्याजाने दिले, जळणही स्वस्त दिले. तो गावात आणि बाहेर सारख्याच ३० रुपयांनी विकतो. हे डंपिंग नव्हे. ही सरकारी अनुदानातून आलेली स्वस्ताई झाली. पहिल्यावर बसतो तो डंपिंगविरोधी कर, दुसऱ्यावर बसतो तो प्रतिशुल्क.

माल स्वस्त आहे एवढ्यावरून मात्र हा कर बसवता येत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांप्रमाणे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, डंपिंग किंवा अनुदान खरोखर आहे. दोन, आपल्या देशातील कारखानदारीचे नुकसान झाले आहे किंवा होण्याचा धोका आहे. तीन, ते नुकसान याच आयातीमुळे आहे. एकरी उतारा घटला तर तो हुमणीने घटला की पाण्याअभावी, हे मुळ्या उकरून पाहिल्याशिवाय आपण औषध सांगत नाही, तसेच हे आहे.

आता मोटारींचे प्रकरण. युरोपीय आयोगाने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधून येणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींची अनुदानविरोधी चौकशी सुरू केली. एरवी अशी चौकशी कारखानदारांच्या तक्रारीवरून होते. इथे आयोगाने ती आपण होऊन केली. बीवायडी, जीली आणि सैक या तीन कंपन्या नमुन्यादाखल निवडून त्यांना प्रश्नावल्या पाठवल्या, अधिकारी चीनमध्ये जाऊन दप्तर तपासून आले. स्वस्त कर्ज, स्वस्त जमीन, करसवलती, कमी दराने मिळणाऱ्या बॅटऱ्या असा अनुदानाचा हिशोब निघाला. जुलै २०२४ मध्ये तात्पुरता कर लागला आणि ऑक्टोबर २०२४ अखेर पाच वर्षांसाठी कायम झाला. बीवायडीला १७ टक्के, जीलीला १८.८ टक्के आणि सैकला ३५.३ टक्के. चीनमध्ये बनणाऱ्या टेस्लाची वेगळी तपासणी होऊन तिला ७.८ टक्के लागला. हे सारे नेहमीच्या १० टक्के आयातकराच्या वर.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी चौकशीला साथ दिली पण जे नमुन्यात नव्हते, त्यांना २०.७ टक्के लागला. ज्यांनी साथ दिली नाही, त्यांना सर्वांत वरचा ३५.३ टक्के. दप्तर दाखवले नाही की अंदाज तुमच्या विरुद्ध जातो.

युरोपातही यावर एकमत नव्हते. मतदानात १० देश बाजूने, ५ विरुद्ध आणि १२ तटस्थ राहिले. जर्मनी विरोधात होता, कारण त्यांच्या कंपन्यांचा मोठा धंदा चीनमध्ये आहे. आणि इकडे चीनने काय केले? २०२४ सालात युरोपची ब्रँडी, डुकराचे मांस आणि दूधपदार्थ यांच्यावर चौकश्या लावल्या. ब्रँडीवर जुलै २०२५ मध्ये करही बसला. वाद मोटारींचा, पण झळ द्राक्षबागायतदाराला आणि गवळ्याला. सरकारे भांडतात तेव्हा पहिला तडाखा शेतमालाला बसतो, हे यातून दिसते.

आपल्या देशातही हे काम चालते. दिल्लीचे व्यापार उपाय महासंचालनालय चौकशी करून शिफारस करते, कर बसवते अर्थखाते. आपल्या ऊसवाहतुकीच्या ट्रकला लागणारे चिनी रेडियल टायर घ्या. त्यांच्यावर २०१७ मध्ये डंपिंगविरोधी कर आणि २०१९ मध्ये प्रतिशुल्क बसले. टायर कारखान्याला आधार मिळाला, पण स्वस्त टायरची वाट बंद झाली. म्हणजे नाण्याला दोन्ही बाजू आहेत.

आता साखर. इथे मात्र आपण आरोपीच्या पिंजऱ्यात होतो. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध थेट जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. वाट वेगळी, पण मुद्दा तोच, सरकारी मदतीने स्वस्त झालेल्या मालाचा. २०१९-२० च्या हंगामात साखर निर्यातीला टनामागे १०,४४८ रुपये मदत होती, हे जाणत्या सभासदांना आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला. त्यात निर्यात मदत तर नियमबाह्य ठरलीच, शिवाय उसाला २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत १० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त आधार दिला, असेही ठरले.

आपल्या सरकारचे म्हणणे होते की एफआरपी कारखाने देतात, सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही. ते मान्य झाले नाही. भाव सरकारने ठरवला म्हणजे तो आधारच, असे पंचांनी धरले. त्यातून हा आधार मोजताना करारात १९८६ ते १९८८ चे जुने भाव आधाराला धरले जातात. त्या वेळचा खर्च आणि आजचा खर्च यांचा मेळ कसा बसावा? या निकालाविरुद्ध भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद असल्याने निकालाची अंमलबजावणी लांबली.

यावरून आम्ही कोणाला घाबरवू इच्छित नाही. एफआरपी हा कायद्याने मिळणारा हक्क आहे. २०२१-२२ मध्ये निर्यात मदत नसतानाही देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली, कारण जगात भाव होता. मात्र भाव नसेल तेव्हा पूर्वीसारखी मदत मिळेलच, हे धरून चालता येणार नाही. मग हातात उरते ते एकरी टनेज, उतारा आणि उत्पादनखर्च. शुद्ध बेणे, माती तपासून खत, ठिबक आणि खोडव्याची वेळेवर निगा, हे आम्ही वरचेवर सांगतो ते यासाठीच.

आणखी एक विनंती. बेण्यापासून तोडणीपर्यंतचा खर्च वहीत मांडून ठेवा. उद्या उसाच्या भावाचा प्रश्न गटसभेत निघो वा दिल्लीत, ज्याच्याकडे हिशोब त्याच्या बोलण्याला वजन. खर्चवहीचा नमुना गट कार्यालयात ठेवला आहे, तो जरूर घेऊन जावा. कळावे.

ऊस विकास विभाग