एन्ड्युरो सायकल शर्यत : परदेशातला डोंगर एका फेरीत पाठ कसा करायचा?

माउंटन बाइकच्या एन्ड्युरो शर्यतीत घड्याळ फक्त उतारावर चालतं. या उतारांना ‘स्टेज’ म्हणतात. मधला चढ ठरलेल्या मुदतीत पार करायचा, पण तो वेळ निकालात धरत नाहीत. सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वात कमी, तो विजेता.

२०१३ मध्ये सुरू झालेली एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज २०२३ पासून यूसीआय वर्ल्ड कपमध्ये आली. अशा स्पर्धांत सरावाला अनेकदा प्रत्येक स्टेजवर एकच फेरी मिळते. इटलीत समुद्रकाठच्या फिनाले लिगुरेचंच बघा. तिथल्या खडकाळ वाटांवर स्थानिक रायडर वर्षभर फिरतात. परदेशातून आलेल्याच्या हातात मात्र ती एकच फेरी!

मग सराव करायचा कसा? पहिली गोष्ट, सरावात शर्यत लावायची नाही. त्या दिवशी पडून हात मोडला, तर विमानाचं तिकीट आणि वर्षभराची मेहनत दोन्ही पाण्यात. अवघड जागी बाजूला थांबून वाट नीट बघावी. अख्खी स्टेज लक्षात राहत नाही. आंधळं वळण, मोठी उडी, अचानक येणारा चढ एवढं पक्कं करावं. बाकीचं हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात घ्यावं आणि रात्री पुन्हा बघावं.

रात्री पाऊस झाला, तर कोरडी पाहिलेली मुळं आणि दगड सकाळी निसरडे झालेले असतात. तेव्हा पाठ केलेल्या रेषेवर हटून बसू नये. आणि पायांत थोडा दम राखून ठेवावा; खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच असते.