रैन बसेऱ्यात आलेल्या माणसाला सांभाळायचे कसे?

दिल्लीत थंडी पडू लागली की सराय काले खां, निजामुद्दीन, काश्मिरी गेट, जामा मशिदीजवळचा मीना बाजार, एम्स रुग्णालयाचा परिसर अशा ठिकाणी रात्रीच्या निवाऱ्यांची चर्चा सुरू होते. हे निवारे म्हणजे रैन बसेरे. काही पक्क्या इमारतींत आहेत, काही पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये, आणि हिवाळ्यापुरते काही तंबूत. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले दिल्ली शहरी आश्रय सुधार मंडळ त्यांची जबाबदारी सांभाळते. रोजचा कारभार बहुतेक ठिकाणी स्वयंसेवी संस्था पाहतात.

डिसेंबर २००९ मध्ये ऐन थंडीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा पाडला गेला, प्रकरण न्यायालयांत गेले आणि २०१० पासून या व्यवस्थेला जोर आला. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा, असे माप केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाने घालून दिले होते. हे माप कागदावरचे. आपण तिथे कामाला किंवा मदतीला गेलात, तर आपली गाठ पडेल ती रात्री अकराला पिशवी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी. त्याला फक्त छप्पर देऊन भागत नाही. त्याला कुणी फसवू नये, मारू नये, उचलून नेऊ नये आणि त्याचे हक्क त्याच्यापर्यंत पोहोचावेत, यासाठी जे करायचे त्याला संरक्षण सहाय्य म्हणतात.

सुरुवात दारातच होते. ओळखपत्र नाही म्हणून कुणाला परत पाठवायचे नसते. आधी पाणी, खाणे, अंथरूण, ताप-जखम असेल तर औषधपाणी. चौकशी नंतर. एकटी बाई पुरुषांच्या निवाऱ्याच्या दारात आली, तर ‘महिलांचा निवारा पुढच्या चौकात आहे’ एवढे सांगून तिला अंधारात पाठवू नये. तिकडे फोन करून जागा आहे याची खात्री करावी आणि कुणीतरी सोबत जावे. नवरा-बायको-मुले एकत्र आली असतील तर कुटुंबांसाठीचा निवारा शोधावा. घाईत त्यांची ताटातूट झाली की बाई मुलांना घेऊन पुन्हा फुटपाथवर जाते, हे तिथे काम करणारा कुणीही सांगेल.

मग नोंदवही. नाव, वडिलांचे नाव, वय, गाव, मोबाइल, सही किंवा अंगठा. वरवर साधी वाटणारी ही वही निवाऱ्यातली सर्वांत जोखमीची वस्तू आहे, कारण बहुधा ती दाराजवळच्या टेबलावर उघडी पडलेली असते. सकाळी कुणी ‘मामा’ येतो, ‘हमारी भांजी घर से नाराज होकर आई है’ म्हणतो आणि बोलता बोलता बोट फिरवत कालची नावे वाचून घेतो. तो खरा मामा असेलही, पण घरकामाला मुली पुरवणारा दलाल किंवा ठेकेदाराचा माणूसही असू शकतो. म्हणून वही मिटलेली आणि कुलपात हवी. कुणी नाव घेऊन विचारले तर ‘आहे’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. ‘आम्ही कुणाचीच माहिती देत नाही, आपला नंबर ठेवून जा’ एवढेच उत्तर सगळ्यांना, दर वेळी, एकाच सुरात द्यावे. आतल्या व्यक्तीला तो नंबर दाखवावा. फोन करायचा की नाही, हे तिने ठरवावे.

पुढचा टप्पा बोलण्याचा. पंचवीस खाटांच्या हॉलमध्ये बोलू नये. बाजूची खोली, नाहीतर अंगणाचा कोपरा चालतो. भोजपुरी, मैथिली, संथाली किंवा बंगाली बोलणाऱ्याला आपले हिंदी अर्धवट कळत असेल तर दुभाषा लागेल. पण सोबत आलेला माणूस, नवरा, मुकादम किंवा स्वतःचे मूल यांना दुभाषा करू नये. नेमका त्यांच्यासमोरच माणूस गप्प बसतो. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दुसराच देतो आहे, फोन आणि आधार कार्ड दुसऱ्याच्या खिशात आहे, कामाच्या जागेचा पत्ता माहीत नाही, महिनोन्‌महिने पगार हातात आलेला नाही: ही चिन्हे दिसली तर सावध व्हावे.

आज रात्री काय करायचे, हे ठरवण्यापुरतेच विचारावे. संपूर्ण कहाणी मागू नये. केअरटेकर एकदा विचारतो, संस्थेची ताई दुसऱ्यांदा, पोलीस तिसऱ्यांदा, मग वकील. बाईला तेच तेच सांगावे लागते, आणि तपशील थोडा बदलला की ‘खोटे बोलते’ असा शेरा बसतो. एकाने नीट लिहून घ्यावे आणि तिच्या संमतीने पुढे द्यावे. संमती म्हणजे नुसती मान हलवणे नव्हे. माहिती कुणाकडे जाईल, त्यातून काय होऊ शकते आणि नको म्हटले तरी अंथरूण जाणार नाही, हे सांगितल्यावरचा होकार तो खरा. ब्लँकेट वाटायला येणारे लोक फोटो काढतात, तोही याच हिशेबातला विषय. चेहरा दिसला की ठावठिकाणाही कळतो, तेव्हा दात्यांचा रुसवा पत्करावा.

मूल एकटे असेल तर मात्र होकाराची वाट पाहायची नाही. १०९८ वर कळवावे. चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे नेणे कायद्याने बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावेच लागते, म्हणून मुलाला ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन आपण कधीही देऊ नये. हिंसेतून निसटलेल्या बाईसाठी १८१ ही हेल्पलाइन आणि सखी केंद्रे आहेत. मानसिक आजाराने भरकटलेल्या माणसासाठी दिलशाद गार्डनच्या इहबास रुग्णालयाशी बोलावे. म्यानमार किंवा अफगाणिस्तानातून आलेल्यांसाठी भारतात निर्वासितांचा वेगळा कायदा नाही. त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्लीतल्या कार्यालयाची वाट दाखवावी आणि वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय त्यांचे कागद कुणाच्या हाती देऊ नयेत.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मजुरीच्या प्रकरणांत, कारण एनसीआर, म्हणजे दिल्ली आणि भोवतालचे राजधानी क्षेत्र, एकाहून अधिक सरकारांत विभागलेले आहे. माणूस झोपतो दिल्लीत, इमारत बांधतो नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात, आणि ठेकेदार बसतो गुरुग्रामला, म्हणजे हरियाणात. मजुरी बुडाली तर तक्रार जिथे काम झाले तिथल्या श्रम कार्यालयात. हे माहीत नसल्याने माणूस दिल्लीतल्या दोन-तीन कचेऱ्यांत चकरा मारतो, रोज बुडवतो आणि नाद सोडून देतो. गुन्हा घडला असेल तर सोपे आहे. ‘झीरो एफआयआर’ म्हणजे हद्द कोणतीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी पहिली खबर. तिला जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेत स्पष्ट आधार आहे.

उचल फेडण्यासाठी डांबून राबवले असेल तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे. अर्ज जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे करायचा. इथे एक चूक वारंवार होते. ठेकेदार अर्धे पैसे घेऊन येतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो आणि ‘मिटले एकदाचे’ म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे ‘हा माणूस वेठबिगार होता व आता सुटला’ असा सरकारी दाखला, हातात आला नाही तर पुनर्वसनाचे पैसे मिळत नाहीत. तातडीची मदत तीस हजारांपर्यंत आहे आणि ती शिक्षा होईपर्यंत अडवून ठेवायची नसते. म्हणून तडजोडीच्या कागदाआधी दंडाधिकाऱ्याकडचा अर्ज. वकिलाचा खर्च नको वाटत असेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, मुले आणि वेठबिगारीचे बळी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

हिवाळ्यात आणखी एक गर्दी येते. प्रदूषण वाढले की बांधकामे बंद करण्याचा आदेश निघतो आणि साइटवरच्या झोपड्यांतले लोक निवाऱ्यात उतरतात. सरकार भत्ता देते तो बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असलेल्यांनाच. अशा वेळी कुणाची नोंदणी आहे आणि कुणाची मुदत संपली, हे त्याच आठवड्यात पाहावे. नंतर ते लोक सापडत नाहीत. रेशनचेही विचारावे. बिहारचे कार्ड २०२१ पासून दिल्लीतही चालते. गावात उरलेले घरचे लोक आपला वाटा तिकडे उचलतात आणि इथला माणूस आपला वाटा इथे घेऊ शकतो. दुकानदार ‘बाहर का कार्ड नहीं चलता’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायला आपण सोबत असलेले बरे.

पुढच्या संस्थेकडे पाठवताना चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नये. तिथे कुणाला भेटायचे, कोणत्या दाराने जायचे, बसभाडे आहे का, हे विचारून शक्य तर बरोबर जावे आणि संध्याकाळी फोन करावा. गावी परतणाऱ्याचे तिकीट काढण्याआधी तिथे धोका नाही ना, हे त्याच्याशी खासगीत बोलून घ्यावे. ज्याने दिल्लीला पाठवले तोच स्टेशनवर उभा असू शकतो. निघताना मूळ कागद सगळे त्याच्या हातात, आणि आपल्याकडे काही ठेवायचेच तर त्याच्या परवानगीने एक झेरॉक्स, वहीसोबत त्याच कुलपात.