खुराड्यातले दोन उपास

कंधारच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकापासून फार दूर नसलेल्या एका वस्तीवर, खुराड्याची फळी सारून ज्वारीची मूठ अंगणात उधळली गेली, तेव्हा सारा कळप दाण्यांवर तुटून पडला असतानाही दोन कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत. दोघींचीही पिसे फुललेली, दोघींच्याही गळ्याखालची पोटली रिकामी; वरवर पाहता भेद काहीच नव्हता. घरच्या मावशींनी पहिलीकडे हात नेताच तिने गुरगुरून चोच मारली. "ही खुडूक हाय, हिला काई झालं नाई," मावशी म्हणाल्या, "आजारी ती तिकडची." दुसरीला उचलले तरी तिने पंख फडकावले नाहीत, मान आखडून, डोळे मिटून ती हातांत नुसती पडून राहिली. कोंबडीचे अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास उष्ण असते. तिच्या पंखाखालची ऊब त्याहूनही चढलेली वाटत होती.

खुडूक कोंबडीचा उपास प्रोलॅक्टिन या अंतःस्रावाच्या आणि अंडी उबविण्याच्या नादाचा. आजारी कोंबडीच्या उपासाचे मूळ निराळे, आणि मला ते अधिक विस्मयकारक वाटते. शरीरात शिरलेल्या जंतूंची चाहूल लागताच भक्षकपेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी संदेशद्रव्ये सोडतात. त्यांची वर्दी रक्तावाटे व मज्जातंतूंवाटे मेंदूस पोचते, आणि तेथून ताप चढविण्याचे, भूक आवरण्याचे, निजून राहण्याचे फर्मान सुटते. १९८७ साली कर्क क्लासिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिलांना जिवंत रोगजंतू न देता केवळ जंतूंच्या आवरणातील विषद्रव्य किंवा इंटरल्यूकिन-१ टोचून पाहिले, तरीही पिलांचे खाणे घटले आणि वाढ मंदावली. दाणा सोडण्याचा हुकूम पक्ष्याच्या स्वतःच्याच संरक्षणखात्यातून निघतो, हे त्यावरून उघड झाले. पुढच्याच वर्षी बेंजामिन हार्ट या पशुवैद्याने असे प्रतिपादन केले की, आजारी जनावराची मलूलता ही ताप टिकविण्यासाठी शक्ती राखून ठेवण्याची शरीराची तजवीज होय.

या बंदोबस्ताचा खर्च मात्र स्नायूंतून वसूल होतो, कारण मांसातील प्रथिने मोडून ती यकृताकडे वळविली जातात. मांसल पक्ष्यांच्या शेडमध्ये राणीखेत रोगावरच्या लासोटा लसीचे थेंब डोळ्यांत घातल्यावर एखादा दिवस पिले पेंगतात आणि भांड्यात खाद्य उरते, त्याचाही उगम बहुतांशी येथेच आहे. तो तोटा राणीखेतीच्या मानाने क्षुल्लक असल्याने सुज्ञ पोल्ट्रीवाला त्याची तक्रार करीत नाही.

पण हीच संदेशद्रव्ये बर्ड फ्लूसारख्या उग्र रोगात मर्यादा सोडून उसळली, तर तीच पक्ष्याच्या जिवावर उठतात. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निष्पन्न झाला, हे मराठवाडा विसरलेला नाही. म्हणूनच न उचललेल्या दाण्याला मी फार किंमत देतो: रोगाचे नाव कळण्याआधी पोचणारी ती पहिली खबर असते. मावशींनी आजारी कोंबडीच्या चोचीत बळेच दाणे कोंबले नाहीत. तिला पाण्याच्या वाटीसह वेगळ्या डालग्याखाली झाकले, स्वतःचे हात राखेने घासून धुतले, आणि मुलाला पशुवैद्यकीय दवाखान्याकडे धाडले.