नकाराचा अर्ज

कोलोन, जर्मनी

‘फेरवायगरर’ म्हणजे नकार देणारा. हा शब्द इथे सध्या पुन्हा कानावर पडू लागलाय. १ जानेवारी २०२६ पासून, २००८ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलग्यांना अठरावं लागलं की लष्कराची प्रश्नावली भरून द्यावी लागते. भरती अजून ऐच्छिकच आहे, पण सक्ती परत येणार या धास्तीने पोरं आत्ताच नकाराचा अर्ज करू लागली आहेत. अर्जासोबत स्वतःची जीवनकहाणी आणि शस्त्र का उचलवत नाही याचं लेखी निवेदन जोडायचं. निर्णय देणारी कचेरी आमच्या याच शहरात आहे.

पश्चिम जर्मनीचं लष्कर उभं राहिलं १९५५ मध्ये. नकाराचा हक्क मात्र १९४९ च्या घटनेतच, चौथ्या कलमात आला होता. हिटलरच्या राजवटीत असा नकार देणाऱ्यांची मुंडकी उडवली गेली होती. घटनाकारांना ते विसरणं शक्य नव्हतं.

तरी हक्क सहज पदरात पडत नसे. तरुणाला समितीपुढे बसवून सदसद्विवेकाची उलटतपासणी व्हायची. ठरलेला प्रश्न असा: मैत्रिणीबरोबर रानात फिरताय, गुंडांनी तिच्यावर हल्ला केला, तुमच्या हातात बंदूक आहे. काय कराल? ‘झाडीन’ म्हटलं तर अहिंसा खोटी, ‘नाही झाडणार’ म्हटलं तर माणूस खोटा! १९८४ पासून बहुतेकांची या तोंडी परीक्षेतून सुटका झाली. पण त्याच वर्षी पर्यायी नागरी सेवा वीस महिन्यांची झाली, आणि लष्करातली होती पंधरा. नकाराची किंमत पाच महिने, असा सरळ हिशेब.

आधी ‘कामचुकार’ म्हणून हिणवलेली हीच पोरं पुढे वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांना अंघोळ घालत होती, घरोघर जेवणाचे डबे पोचवत होती. २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित झाली, तेव्हा हळहळले ते सेनापतींपेक्षा रुग्णालयं चालवणारे.

जे नागरी सेवाही नाकारत ते ‘टोटालफेरवायगरर’. त्यांच्या वाट्याला तुरुंग येई. आज राजकारणी हाच शब्द काम नाकारणाऱ्या बेरोजगारांना चिकटवतात. मला तो तिथे खटकतो. विवेकापायी कोठडीत गेलेल्यांच्या रांगेत आळसाच्या आरोपींना उभं केल्यासारखं वाटतं. २०२४ च्या कायद्याने अशांचा निर्वाहभत्ता दोन महिन्यांपर्यंत पूर्ण बंद करण्याची मुभा दिली, घरभाडं मात्र चालू ठेवून. प्रत्यक्षात भत्त्यातल्या बहुतेक कपाती काम नाकारल्याबद्दल होत नाहीत. रोजगार कचेरीने दिलेली भेटीची वेळ चुकवली, म्हणून होतात.