उस्तादाशेजारची रिकामी जागा

धुळ्यात जितके मोठे रस्ते एकमेकांना मिळतात, तितके महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांत मिळतात. मुंबई-आग्रा रस्ता लळिंगच्या किल्ल्याखालून येतो आणि सोनगीर, शिरपूर करत मध्य प्रदेशाकडे चढतो. सुरतेकडून नवापूर-साक्रीवरून आलेला महामार्ग, ज्याला आता ५३ क्रमांक आहे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळवरून नागपूरकडे जातो. तिसरा रस्ता चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून सोलापूरला निघतो. खानदेशाचा बाजार या तीन रस्त्यांवर चालतो. रावेर-यावलची केळी, जळगावची डाळ, पाइप आणि प्लास्टिकच्या चटया, दोंडाईचाची मिरची, दीपनगरच्या वीज केंद्रातली राख, शिरपूरचं सूत, यातलं बहुतेक सगळं कुणीतरी रात्रभर जागून पोचवतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा शेतकऱ्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. ती केळी हजार-अकराशे किलोमीटरवरच्या दिल्लीला नेणाऱ्याचा उल्लेख मात्र कुठे झाला नाही. आज खानदेशातला विशीतला एखादा मुलगा या धंद्यात उतरायचं म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेलं आहे, हे नीट पाहायला हवं. माझं म्हणणं असं की सगळ्यात मोठी अडचण पगाराची किंवा लायसन्सची नाही. ही विद्या जिथे शिकवली जायची ती जागा, म्हणजे ड्रायव्हरच्या डावीकडची क्लीनरची सीट, रिकामी होत चालली आहे आणि तिच्या बदल्यात आपण काहीही उभं केलेलं नाही.

आधी कागदाचा रस्ता पाहू, कारण तो सोपा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीच्या गाडीसाठी वय २० पूर्ण लागतं, आणि हलक्या गाडीचं लायसन्स निदान एक वर्ष हातात असल्याशिवाय हेवीचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. डॉक्टरचा दाखला लागतो, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं. आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला हलक्या गाडीचं लायसन्स पुरतं. त्यामुळे पिकअपवर भाजी, दूध किंवा केळीचे क्रेट वाहून सुरुवात करणाऱ्याचा मार्ग मोकळा झाला, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी हे उत्तम. पण दहाचाकी, चौदाचाकी गाडीचं काय? त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रत्यक्ष चालवण्याचा किमान नियम आहे १५ तासांचा. जळगावहून भरलेला ट्रक नागपूरला नेऊन परत आणायला त्याहून जास्त तास लागतात. म्हणजे एका फेरीइतकाही सराव नसलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने तयार ड्रायव्हर ठरतो. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आले. त्यांत अवजड गाडीचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा आणि ३८ तासांचा आहे. ही सुधारणा खरी आहे, तरी तीही मैदानातली आणि बहुधा रिकाम्या गाडीवरची.

भरलेली गाडी हे वेगळंच प्रकरण असतं, आणि ते क्लीनरच्या सीटवर कळायचं. गाडी थांबली की खाली उतरून टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायर ठोकायचा आणि आवाजावरून हवा ओळखायची, इथून शिक्षण सुरू व्हायचं. मग ताडपत्री आणि रस्सा. पावसाळ्यात डाळीची पोती भरली असतील तर ताडपत्रीची घडी वाऱ्याच्या उलट राहिली पाहिजे, नाहीतर शंभर किलोमीटरमध्ये पाणी आत जातं. पाइपांची भरती मागे सरकते, सुताची सरकत नाही. केळी गरम होते म्हणून तिला हवा हवी. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा केळीची गाडी सावदा किंवा फैजपूरहून संध्याकाळी का काढायची आणि दुपारी कुठल्या ढाब्याच्या झाडाखाली उभी करायची, हे कुठल्याही पुस्तकात नाही. बिल्टी, ई-वे बिल, फिटनेस, परमिट यांपैकी कुठला कागद कुठल्या नाक्यावर आधी पुढे करायचा, वजनकाट्यावर आकडा जास्त निघाला तर काय करायचं, वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या, पैशावरून हमालांशी वाद झाला तर कुठे गप्प बसायचं आणि कुठे मालकाला फोन लावायचा, हे क्लीनर ऐकता ऐकता शिकायचा. रिव्हर्स घेताना मागे उभं राहून आवाज देणं हे त्याचं काम, आणि गाडीची लांबी डोळ्यांत बसवण्याचा तोच धडा. वर्ष-दीड वर्षाने एखाद्या रात्री सरळ, मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचा आणि स्वतः शेजारी जागा राहायचा.

या शिक्षणाची खरी किंमत घाटात कळते. सेंधव्याकडून महाराष्ट्रात उतरताना बिजासन घाट लागतो. जुन्या ड्रायव्हरांचा नियम असा की ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये तो उतरा. कारण साधं आहे. पंचवीस-तीस टनांचा भार उतारावर फक्त ब्रेकने धरला तर ड्रम आणि लायनर तापतात, तापलेल्या लायनरची पकड जाते, आणि पायाने पुन्हा पुन्हा दाबल्याने टाकीतली हवा उतरत जाते. इंजिनाने गाडी धरली तर ब्रेक शेवटच्या वळणासाठी शिल्लक राहतात. हे ठाऊक असूनही घाटात गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर सापडतात, कारण डिझेलचं ॲव्हरेज चांगलं काढलं तर मालक खूश आणि बिघडलं तर पगारातून कापणी. पगाराची रीतच जिथे चूक शिकवते, तिथे शेजारी बसलेल्या अनुभवी माणसाचा शब्द हाच एक आडोसा उरतो. ४ जुलै २०२३ रोजी याच रस्त्यावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ एक कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि निदान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्या एका अपघाताचा निवाडा इथे करायचा नाही. पण घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावांना अशा बातम्यांची भीती वर्षानुवर्षं वाटते, आणि गाडी पाठवणाऱ्यांना ती तेवढी वाटत नाही, हे लपलेलं नाही. दुसरीकडे कन्नडचा घाट: ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत तिथे दरडी कोसळल्या, आणि ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तो अवजड गाड्यांना बंद झाला. नवख्याला हेही समजून घ्यावं लागतं, की नकाशावरचा जवळचा रस्ता दरवेळी त्याचा नसतो.

मग ही सीट रिकामी का झाली? मालकाची बाजू समजण्यासारखी आहे. पॉवर स्टिअरिंग आलं, ट्यूबलेस टायर आले, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने टोलवर उतरून पैसे देणं संपलं, फोनवर रस्ता दिसू लागला. भाडं दलाल ठरवतो, डिझेलचा दर तेल कंपन्या ठरवतात, कापण्याजोगा खर्च उरतो तो माणसाचा. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी संप पुकारला, तेव्हा ई-चलानच्या दंडाबरोबरच अवजड गाडीवर क्लीनर ठेवण्याची सक्ती काढा, ही त्यांची उघड मागणी होती. मालकाच्या हिशेबात क्लीनर हा मदतनीस होता आणि मदतीची गरज कमी झाली. तो विद्यार्थीही होता, ही गोष्ट या हिशेबात कुठेच धरलेली नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि जड आहे. क्लीनरची सीट म्हणजे कसली शाळा, ती तर वेठबिगारी होती. शाळा सोडलेली कोवळी पोरं, पगार म्हणजे जेवण आणि वर चार पैसे, शिव्या, कधी मार, गाडीखाली झोप आणि पुढे व्यसनं. हे सगळं खरं आहे, आणि तो जमाना परत आणावा असं कुणीही म्हणू नये. पण शाळेत मारकुटा मास्तर होता म्हणून शाळा बंद करून मुलांना थेट परीक्षेला बसवणं हा उपाय होत नाही. शोषण काढून टाकता येतं: वय अठराच्या वर, लेखी करार, ठरलेला भत्ता, विमा. शिक्षण काढून टाकलं की त्याचा खर्च रस्त्यावरचा दुचाकीस्वार भरतो.

दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. आता ब्रेक दाबल्यावर चाकं अडकत नाहीत, उतारासाठी एक्झॉस्ट ब्रेक आहे, २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं आहे. उन्हाळ्यात तापी काठाने ज्याने ट्रक पाहिले आहेत त्याला या शेवटच्या नियमाचं मोल सांगायला नको. तो फार आधी यायला हवा होता. तरीही खानदेशातला नवा ड्रायव्हर नव्या गाडीवर बसत नाही. नवी गाडी जुन्या, भरवशाच्या माणसाला मिळते आणि नवख्याच्या वाट्याला दुसऱ्या-तिसऱ्या हातची, पाटे बसलेली, टायर झिजून गोटा झालेली गाडी येते. ज्याला सगळ्यात कमी येतं त्याच्याकडे सगळ्यात अवघड गाडी, अशी ही वाटणी आहे.

तासांचंही तसंच आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, लांबच्या मार्गावर फार तर १० आणि ५४. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या श्रमसंहितेत हा उंबरठा दहावर गेला. ज्या धंद्यात गाड्यांचा मोठा हिस्सा एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे आहे, तिथे असा उंबरठा म्हणजे बहुतेकांना मोकळीक. सेव्ह लाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांत बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून अहवाल काढला. दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी, ९३ टक्क्यांना कुठलीही सामाजिक सुरक्षा नाही, आणि ८४ टक्के जण म्हणाले की घरातल्या कुणाला या धंद्यात या असं आम्ही सांगणार नाही. पूर्वी ड्रायव्हरचा मुलगा, भाचा, मेहुणा क्लीनर म्हणून गाडीवर यायचा. उस्तादच नको म्हणू लागला तर नवा माणूस कुठून येणार? माल थांबत नाही, असं यावर उत्तर मिळतं. केळीच्या बाबतीत ते खरं आहे. पण पाइपांच्या गाडीला ई-वे बिल दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत देतं. जळगाव-नागपूरसाठी तीन दिवस होतात. घाई कागदाची नसते, ती लावणाऱ्याची असते. युरोपात ड्रायव्हरने दिवसात साधारण नऊ तासच चालवावं हे गाडीतलं नोंदयंत्र पाहतं. आपल्याकडे मालकाच्या फोनवर जीपीएस आहेच. गाडी कुठे थांबली आणि डिझेल किती गेलं हे त्यावर पाहिलं जातं. ड्रायव्हर किती तास झोपला हेही त्याच नोंदीतून निघतं, फक्त कुणी काढत नाही.

त्याच रस्त्यावर एसटीचा चालक वेगळं आयुष्य जगतो. त्याला ड्यूटी ठरवून मिळते, डेपोत पाठ टेकायला जागा असते, भविष्य निर्वाह निधी असतो. म्हणून जळगाव-धुळ्याची अनेक मुलं ट्रककडे एसटीची पायरी म्हणून पाहतात, आणि त्यात वावगं काही नाही. पण एसटीची भरतीसुद्धा अवजड गाडीचा अनुभव मागते. तो पहिला अनुभव द्यायची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही.

तेव्हा या धंद्यात येणाऱ्याने काही गोष्टी आधीच मनाशी पक्क्या कराव्यात. पगार, फेरीचा भत्ता आणि उचल यांचा हिशेब पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. ओव्हरलोडचा दंड २०१९ पासून २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे, आणि कायदा चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाऱ्यालाही धरतो. हे मालकाला नम्रपणे पण स्पष्ट सांगता आलं पाहिजे. अपघाताची भीती प्रत्येकाला असते. जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीचे इंधनाचे टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या, ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मधल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध होतं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. तरी मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आहेच: जखमीला मदत द्या, पोलिसांना कळवा, जमाव चालून आला तर जीव वाचवण्याची मुभाही तेच कलम देतं. हे प्रत्येक नवख्याला पाठ हवं. आणि पहिलं वर्ष, कितीही कमी पैसे मिळोत, जुन्या ड्रायव्हरबरोबर दुहेरी ड्युटीवर काढावं. एकट्याने घाट उतरायची घाई करू नये.

हे एकट्या पोराच्या शहाणपणावर सोडणं मात्र अन्याय आहे. उमेदवारीचा कायदा, म्हणजे अप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१ पासून आहे. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. कारखान्यातला फिटर असा तयार होतो. ट्रकच्या डाव्या सीटवरचा मुलगा का होऊ नये? जळगाव आणि धुळ्याच्या वाहतूकदारांच्या संघटनांना, केळीच्या व्यापाऱ्यांना आणि दोन्ही जिल्ह्यांच्या परिवहन अधिकाऱ्यांना हे मागणं आहे: क्लीनरची सक्ती हवी की नको हा वाद चालू राहू द्या, पण निदान घाटमार्गावर जाणाऱ्या गाड्यांवर ती सीट पगारी, विमा उतरवलेल्या, अठरा वर्षांवरच्या उमेदवाराने भरा, आणि त्याला शिकवणाऱ्या उस्तादाला महिन्याला वेगळे पैसे द्या. केळीच्या पुढच्या हंगामाआधी एवढं सुरू करता येईल.