जुन्या गाडीचा पर्यावरण कर
नाशिकच्या आरटीओत पंधरा वर्षांच्या कारची नोंदणी वाढवायला गेलात, की पर्यावरण कर भरावा लागतो. महाराष्ट्राने तो 2010 मध्ये आणला. तेव्हा पाच वर्षांसाठी दुचाकीला 2000, पेट्रोल कारला 3000 आणि डिझेल कारला 3500 रुपये होते. म्हणजे डिझेलला वर्षाकाठी 700. एवढ्यासाठी कोण गाडी बदलेल?

शिवाय हा कर वयावर आहे, वापरावर नाही. महिन्यातून एकदा निघणारी आणि रोज द्वारका चौकात धूर सोडणारी गाडी सारखेच भरतात. लंडनमध्ये 2019 पासून निकषात न बसणारी गाडी ठरावीक क्षेत्रात चालवली, तर त्या दिवसाचे साडेबारा पौंड पडतात. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या केंद्रीय यादीत असलेल्या नाशिकला असाच हिशेब हवा.